टाचेची शीर आणि सोनोग्राफीतला रंग



तुरीची कापणी आणि ज्वारीची काढणी एकापाठोपाठ आली, की औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या आपल्या भागात शिरांची दुखणी डोके वर काढतात. कुणाचे कोपर विळा धरू देत नाही, कुणाचा खांदा फवारणीच्या पंपाने भरून येतो, कुणाची टाचेमागची जाड शीर सकाळी पहिली पावले टाकताना ठणकते. ही शीर म्हणजे रक्ताची नळी नव्हे. स्नायूला हाडाशी बांधणारी ती दोरी होय; वैद्यकात तिला कंडरा म्हणतात.

हल्ली अशा दुखण्यासाठी बिदर, कलबुर्गी किंवा सोलापूरला गेलेला माणूस रंगीत सोनोग्राफीचा कागद घेऊन परततो. त्यावर ‘रक्तप्रवाह वाढला आहे’ असे असले की घर घाबरते, आणि ‘रक्तप्रवाह दिसत नाही’ असे असले की रक्तच बंद पडले म्हणून अधिकच घाबरते. आमचे म्हणणे असे, की नुसत्या त्या रंगावरून सुई घेऊ नये, शस्त्रक्रियेला होकार देऊ नये, आणि रंग नाही म्हणून दुखणे खोटे आहे असेही कुणाला म्हणू देऊ नये.

रंग कसा येतो हे समजले तर भीती कमी होईल. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी बारीक वाटते आणि दूर जाताना जाड होते. यामागचा नियम क्रिस्टियान डॉपलर यांनी 1842 साली प्राग येथे मांडला. यंत्राच्या ध्वनिलहरी हलत्या रक्तावर आपटून परततात तेव्हा असाच फरक पडतो, आणि यंत्र तो रंगाने दाखवते. निरोगी कंडरेत रक्तवाहिन्या मुळातच थोड्या व अतिशय बारीक असतात. म्हणून तेथे रंग न दिसणे हे बहुधा चांगलेच लक्षण.

2001 साली स्वीडनमधील उमेओ येथील ओहबर्ग व आल्फ्रेडसन यांना टाचेच्या दुखऱ्या शिरांत नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या. न दुखणाऱ्या शिरांत त्या दिसल्या नाहीत. तेव्हापासून या रंगाला महत्त्व आले. पण पुढे अनेकांनी तपासले, तेव्हा काहीही न दुखणाऱ्या माणसांतही रंग सापडला, आणि दुखणे थांबले तरी रंग तसाच राहिलेले रुग्णही निघाले.

शिवाय हा रंग फार चंचल. तपासणाऱ्याने यंत्राचा दांडा जरा जोराने दाबला, की बारीक वाहिन्या चेपतात आणि रंग नाहीसा होतो. पाऊल वर ओढून शीर ताणली तरी तसेच होते; पाऊल सैल सोडले की रंग परत येतो. दिवसभर चालून किंवा व्यायाम करून गेलात तर तो वाढलेला दिसू शकतो. यंत्राचे बटण जास्त फिरवले तर नसलेला रंगही उमटतो, कमी फिरवले तर असलेला लपतो. एकच चित्र दोन जाणकारांनी पाहिले तर त्यांचे मत पुष्कळदा जुळते. घोळ होतो तो चित्र कसे घेतले यात. बिदरच्या जुन्या सुरंग बावीत एका झरोक्यातून डोकावून सबंध भुयारातल्या पाण्याचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार.

म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली, तर ती शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच डॉक्टरांकडून, पाय तसाच ठेवून आणि आधी तेवढीच विश्रांती घेऊन करावी. नाहीतर आधीचा कागद व नंतरचा कागद यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पैसे मात्र दोनदा जातात. कंडरा जाड झाली आहे काय, फाटली आहे काय, हे साधी सोनोग्राफी पुष्कळ चांगले सांगते. डॉक्टरांना तेच आधी विचारावे.

उपाय बहुधा स्वस्त आहे, पण चिकाटीचा. याच आल्फ्रेडसन यांनी 1998 साली 15 धावपटूंवर केलेला व्यायाम प्रसिद्ध आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून दोन्ही पायांनी वर उठायचे आणि दुखऱ्या पायावर हळूहळू खाली यायचे. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 फेरे, किंचित वाकवून 15 चे 3 फेरे, दिवसातून 2 वेळा, 12 आठवडे. दुखणे अगदी टाचेच्या हाडाशी असेल तर मात्र टाच पायरीच्या खाली नेऊ नये. स्टेरॉईडच्या सुईबद्दल आम्ही साशंक आहोत. कोपराच्या दुखण्यात तिने पहिले काही आठवडे आराम पडतो, पण वर्षभराने सुई न घेतलेलेच अधिक बरे असल्याचे एकाहून अधिक चाचण्यांत दिसले आहे. टाचेमागच्या शिरेत सुई दिल्यास ती तुटण्याचाही धोका असतो.

काही वेळा मात्र थांबू नये. टाचेमागे एकदम ‘कट्’ झाले आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सकाळी बोटांचे सांधे सुजून तासभर आखडत असतील, तर तो संधिवात असू शकतो, आणि तेथे हाच रंग डॉक्टरांच्या खरोखर उपयोगी पडतो. मधुमेही माणसाचे पाऊल गार पडले, काळेनिळे झाले, जखम भरेना, तर पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी करतात. नाव एकच असले तरी ती तपासणी निराळी. ती सांगितली तर खर्चाकडे पाहून पुढे ढकलू नका.