'तत्रैव' म्हणजे नेमके कुठे?

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे प्रकल्प आमच्या टेबलावर येऊन पडतात. आम्ही दोघे ते वाटून घेतो आणि, खरे सांगायचे तर, दोघेही आधी शेवटची पाने उघडतो. संदर्भसूची पाहिली की आतल्या ऐंशी पानांचा अंदाज सहसा चुकत नाही. यंदा एका सूचीत 'बहिणाबाई' या एकाच नोंदीखाली तुकारामांची शिष्या असलेल्या सतराव्या शतकातील संत बहिणाबाई आणि 1951 साली निधन पावलेल्या बहिणाबाई चौधरी या दोघींची पुस्तके सुखाने नांदत होती. स्वल्पविराम, अवतरणचिन्हे, तिरका ठसा, सारे नियमाबरहुकूम होते. नमुन्याशी ताडून गुण द्यायचे असते तर पूर्ण द्यावे लागले असते.

आमचे म्हणणे असे, की आपण संदर्भनोंदीचा आकार शिकवतो आणि तिचे काम शिकवायचे राहून जाते. वाचकाने ते पुस्तक हाती घ्यावे आणि लेखकाने पाहिलेलीच ओळ त्याला त्याच जागी सापडावी, एवढ्यासाठी ती नोंद असते. विद्यापीठांच्या सूचनापत्रकांत 'एमएलए' किंवा 'एपीए' पद्धत वापरावी असे लिहिलेले असते. कोणती आवृत्ती, हे बहुधा नसते. या पद्धती स्वतः मात्र बदलत राहिल्या आहेत. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने 2016 च्या आठव्या आवृत्तीत पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ एरवी वगळले, पण 1900 पूर्वीच्या पुस्तकांसाठी ते देण्याची मुभा ठेवली, कारण त्या काळच्या ग्रंथांची ओळख गावावरून पटते. ज्यांनी नियम केला त्यांनीच तो गरजेप्रमाणे वाकवला. आपण मात्र तो पंचांगासारखा पाळतो.

नावापासूनच अडचण सुरू होते. आडनाव आधी, हा नियम संगणकाला सांगितला की तो 'महाराज, तुकाराम' अशी नोंद करून मोकळा होतो. कुसुमाग्रजांचे काय करावे? 'विशाखा' कुसुमाग्रजांची आणि 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचे, सूचीत दोन्ही नावे स्वतंत्र ठेवून एकाखाली दुसऱ्याचा निर्देश करावा, असे आमचे मत आहे. पुस्तकावर छापलेले नाव बदलण्याचा अधिकार सूची करणाऱ्याला नाही. वर्णक्रमाचीही हीच गत. मराठी कोशांत 'क्ष' आणि 'ज्ञ' बहुधा शेवटी येतात. संगणकाचा सर्वसाधारण क्रम 'क्ष'ला 'क'मध्ये आणि 'ज्ञ'ला 'ज'मध्ये नेऊन बसवतो. 'ज्ञानेश्वरी'ची नोंद सूचीत नाही म्हणून एका विद्यार्थ्याला आम्ही बोल लावला होता. ती होती, आम्ही शेवटी शोधत होतो.

पण खरा घोटाळा आवृत्त्यांचा. आमच्यापैकी एकाने दहाएक वर्षांपूर्वी तुकारामांवर लेख लिहिला आणि प्रत्येक अवतरणाखाली 'तुकाराम गाथा' आणि अभंगाचा क्रमांक एवढेच दिले. समोर 1950 साली सरकारने प्रसिद्ध केलेली गाथा होती, त्यामुळे वेगळे काही सांगायचे असते हे सुचलेच नाही. पुढे एका तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याने तो लेख वाचून घरातली गाथा उघडली. ती विष्णुबुवा जोगांची. त्या क्रमांकावर भलताच अभंग. त्याने तीन दिवस घरची गाथा चाळली आणि अखेर, आपल्यालाच काही कळत नसावे असे ठरवून विषय बदलला. हे त्याने आम्हाला पुष्कळ वर्षांनी, हसत हसत सांगितले. आम्हाला हसू आले नाही. 'शासकीय गाथा, 1950' एवढे शब्द त्या लेखाच्या पहिल्या टीपेत असते तर एक विषय वाचला असता.

तेव्हापासून संतवाङ्मयाच्या बाबतीत आम्ही हट्टी झालो आहोत. 'ज्ञानेश्वरी'चा निर्देश अध्याय आणि ओवी यांनी करावा, पानाने नव्हे. पण प्रत कोणती ते आधी सांगावे, कारण राजवाडे यांनी 1909 साली छापलेली प्रत आणि प्रचलित प्रत यांतील ओव्या जुळतीलच असे नाही. 'लीळाचरित्रा'त एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध हे, लीळेचा क्रमांक आणि संपादकाचे नाव, ही तिन्ही हवीत. नेने, तुळपुळे आणि कोलते यांच्या संपादनांत एकच लीळा निरनिराळ्या क्रमांकांवर भेटते. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'मधील पत्राला खंड आणि लेखांक पुरे. आधुनिक साहित्यही यातून सुटत नाही. 'कोसला' 1963 साली देशमुख आणि कंपनीने काढली आणि पुढे पॉप्युलरने. पहिल्या प्रकाशनाचे वर्ष लिहून हातातल्या आवृत्तीचे पान देणे म्हणजे एका घराचा क्रमांक दुसऱ्या गल्लीला लावणे होय.

शकाविषयी थोडेसे. 78 मिळवले की इसवी सन झाला, अशी समजूत आहे. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा 79 मिळवावे लागतात. जुन्या मासिकावर शक आणि महिना जसा छापला असेल तसाच लिहावा आणि शेजारी कंसात सन द्यावा. दिवाळी अंकाला बहुधा खंड-अंक पाहावे लागत नाहीत; अंकाचे नाव, संपादक, 'दिवाळी' हा शब्द, वर्ष आणि पाने यांवर ग्रंथपाल तो काढून देतो.

शीर्षकातल्या 'तत्रैव'कडे येतो. हस्तलिखिताच्या काळात तळटीपा एकदा उतरवल्या की जागेवर राहत, तेव्हा 'तत्रैव' आणि 'उ. नि.' कामाचे होते. आता विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात मध्येच एक परिच्छेद घालतो, त्याच्याबरोबर नवी टीप येते, आणि खालचे 'तत्रैव' मुकाट्याने दुसऱ्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. एका प्रबंधात नेमाड्यांचे म्हणून दिलेले मत अशा रीतीने भलत्याच समीक्षकाच्या नावावर जमा झालेले आम्ही पाहिले आहे. शिकागो पद्धतीने 2017 च्या आवृत्तीत 'तत्रैव'च्या जागी लेखकाचे आडनाव आणि छोटे शीर्षक पुन्हा द्यावे, याला पसंती दिली. संस्कृत शब्द गेल्याचे दुःख आम्हालाही आहे, पण तो जाऊ द्यावा.

महाजालावरील मजकुराबाबत विद्यार्थी 'गूगल' असे लिहितात, तेव्हा रागावण्याऐवजी आम्ही त्यांना मराठी विश्वकोशातील नोंदीच्या शेवटी नेतो. तिथे नोंदलेखकाचे नाव असते. ते द्यायचे, मग नोंदीचे शीर्षक, मग कोश. विकिपीडियाचे पान रोज बदलू शकते, म्हणून त्याच्या इतिहासातून त्या दिवशीच्या रूपाचा कायमचा दुवा घ्यायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनंतर साम्य दहा टक्क्यांच्या आत ठेवण्याची धास्ती सगळ्यांना आहे. तिच्यापायी न वाचलेल्या पुस्तकांचीही रांग सूचीत उभी राहते, हा वेगळ्या लेखाचा विषय.

एक प्रसंग मात्र सांगायला हवा. आमची एक विद्यार्थिनी जात्यावरच्या ओव्यांवर प्रकल्प करत होती आणि निम्म्या ओव्या तिच्या आजीने म्हटलेल्या होत्या. विभागाने त्या वर्षी एपीए सांगितली होती. त्या पद्धतीत प्रत्यक्ष संभाषणाचा निर्देश फक्त मजकुरात होतो, सूचीत नाही; वाचकाला ते पुन्हा मिळवता येत नाही, हे त्यामागचे कारण. छापील पुस्तकांच्या जगात ते पटण्यासारखे आहे. आम्हीही तिला सांगितले, "सूचीत नको, मजकुरात 'मौखिक परंपरा' लिही." ती म्हणाली, "सर, परंपरा नाही हो, आजी म्हणाली." हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यांत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे, 2017 पासून त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'वर नावानिशी वाचायला आणि ऐकायला मिळतात. हे आम्हीच वर्गात शिकवले होते.

विभागप्रमुखांना भेटून आम्ही त्या प्रकल्पापुरती एमएलए पद्धत मागून घेतली. तिच्यात मुलाखतीला सूचीत जागा आहे. ध्वनिमुद्रणाची एक प्रत विभागात ठेवली, म्हणजे पुढच्याला ऐकता येईल. नाव, गाव, तारीख लिहून झाले आणि आडनावापाशी गाडी अडली. सासरचे लिहावे असे आम्ही धरूनच चाललो होतो. तिने घरी फोन लावून विचारले. ओव्या माहेरी शिकलेल्या, तेव्हा आडनाव माहेरचे घाला, असे आजीने सांगितले, आणि ती नोंद 'श'वरून 'ग'वर गेली.