आज काय जमलं?

"काय चाललंय?" असं कुणी विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं असतं: "काही विशेष नाही." आपल्या इंदुरात त्याची स्थानिक आवृत्तीही आहे, "बस, चल रिया है भिया." मंडळाच्या गणपतीत दहा जणांना विचारा, दहाही जण हेच सांगतील. त्यात खोटं काही नसतं. बढती, नवं घर, लग्नकार्य, मुलांचे निकाल या सांगण्याजोग्या गोष्टी वर्षातून दोन-चारदाच होतात. उरलेले साडेतीनशे दिवस 'काही विशेष नाही'च्या खात्यात जमा होतात.

त्या खात्यात नेमकं काय असतं, ते मी एप्रिलपासून लिहून ठेवते आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर एक दोनशे पानी वही असते. रात्री ताटं उचलली की प्रत्येकानं सांगायचं, आज काय जमलं आणि आज काय अडलं. मी लिहून घेते. कारणं द्यायची नाहीत, भाषण करायचं नाही. पहिल्या आठवड्यातलं एक पान असं आहे:

बाबा: शर्टाची दोन बटणं लावली. अडलं: तिसरं.
लेक: सायकल कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत. अडलं: वळण.
मी: सातनंतर ऑफिसचं मेल उघडलं नाही. अडलं: मोडीतला 'झ'.
आई: दुपारी अर्धा तास झोप लागली. अडलं: काही नाही.

मार्चमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. आईबाबा आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे तेव्हापासून दोन्ही घरांचं रात्रीचं जेवण एकत्र असतं. वहीतल्या आईच्या ओळीनं पहिल्याच आठवड्यात काम केलं. अर्धा तास झोप ही जर 'जमलेली' गोष्ट असेल, तर त्याआधीच्या महिन्यात ती किती झोपली असेल, हे कुणी वेगळं सांगायची गरज राहिली नाही. आम्ही दुपारच्या पाळ्या लावल्या. आई स्वतःहून हे कधीच बोलली नसती.

आता थोडं ऑफिसबद्दल, कारण 'जमलं' म्हणजे काय याचा एक चांगला धडा तिथे मिळतो. सप्टेंबरमध्ये आमच्या एका जुन्या रिपोर्टमधली बेरीज जुळेनाशी झाली. जूनमध्ये जुळत होती, आता जुळत नव्हती, आणि मधल्या काळात कोडमध्ये हजारेक बदल झालेले. असा बग शोधायची आमची रीत सोपी आहे. हजार बदलांच्या बरोबर मध्यावर जायचं आणि तिथे बेरीज जुळते का बघायचं. जुळली, तर दोष पुढच्या पाचशेत. नाही जुळली, तर मागच्या पाचशेत. मग त्या पाचशेच्या मध्यावर. दर वेळी निम्मे बदल बाद होतात, म्हणून हजारातला एक शोधायला जास्तीत जास्त दहा तपासण्या लागतात. आमच्याकडे एका तपासणीला अर्धा दिवस जात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन तपासण्या झाल्या होत्या. मीटिंगमध्ये प्रश्न आला, "सापडलं का?" सरळ उत्तर होतं, "नाही." पण दुसरं उत्तरही तितकंच खरं होतं: हजारातले पावणेनऊशे बदल निर्दोष ठरले, सव्वाशे उरले. पहिल्या उत्तरानं माणूस खांदे पाडून घरी जातो, दुसऱ्यानं नीट झोपतो. पाचव्या दिवशी बग सापडला. एका ठिकाणी पैशांचं पूर्णांकन दोनदा होत होतं. पण तो दिवस आला तो आधीच्या चार 'सापडलं नाही'च्या जोरावरच.

'इथे नाही' हीसुद्धा प्रगती असते, एवढं म्हणून हा लेख संपवता आला असता. "अपयश ही यशाची पहिली पायरी" हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलंच असतं. पण घरात ते तसंच्या तसं लागू पडत नाही. कोडमधला निम्मा भाग बाद झाला की तो बादच राहतो. माणसाच्या शरीरात कमावलेलं परत जाऊ शकतं.

ऑगस्टमध्ये बाबांना ताप आला. तोवर ते चमचा धरू लागले होते, पाटीवर मोठाले 'क' आणि 'ग' काढत होते. तापाच्या दुसऱ्या दिवशी हाताची मूठ पुन्हा घट्ट मिटली. आम्ही तडक रुग्णालयात गेलो. हे ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी लक्षात ठेवावं: हात, पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू अचानक कमजोर झाली, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. सुदैवानं बाबांना नवा झटका नव्हता. ताप किंवा संसर्ग झाला की जुनी लक्षणं काही दिवस परत डोकं वर काढू शकतात, असं डॉक्टरांनी समजावलं. पण त्या आठ दिवसांत बाबा वहीकडे पाठ करून बसायचे. 'जमलं'च्या पुढे रेघ. त्यांना "होईल हो बाबा" असं म्हणण्यात अर्थ नव्हता. ते त्यांनाही कळत होतं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले यांनी स्टीव्हन क्रेमर यांच्याबरोबर २०११ मध्ये 'द प्रोग्रेस प्रिन्सिपल' हे पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या रोजच्या डायऱ्या, जवळपास १२,००० नोंदी, तपासल्या. माणसाचा दिवस चांगला जाण्यात सगळ्यात मोठा वाटा असतो तो कामात पडलेल्या पुढच्या पावलाचा, मग ते पाऊल लहान का असेना, असं त्यात दिसलं. ही बाजू सगळे सांगतात. दुसरी बाजू कमी सांगितली जाते: मागे पडलेल्या पावलाचा परिणाम पुढच्या पावलापेक्षा जास्त तीव्र असतो. म्हणजे हिशोब मुळातच बरोबरीचा नाही. नुकसान स्वतःच स्वतःला लिहून ठेवतं. कमाई मात्र त्याच दिवशी लिहिली नाही तर पुसली जाते.

वहीचा उपयोग तिथे झाला. ताप उतरल्यावर बाबांनी पुन्हा पाटी घेतली, तेव्हा आम्ही मागची पानं काढली. पहिल्या खेपेला चमचा ते 'क' या प्रवासाला पाच आठवडे लागले होते. या खेपेला अकरा दिवस लागले. सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल असं नाही, पण बाबांच्या बाबतीत झालं, आणि ते आकड्यांत समोर होतं. बाबा निवृत्त बँकवाले. दिलाशापेक्षा लेजरवर त्यांचा विश्वास जास्त.

त्याच टेबलावर माझाही एक उद्योग चालतो. पणजोबा होळकरांच्या दरबारी कारकून होते. त्यांच्या घरखर्चाच्या चोपड्या मोडीत आहेत आणि घरात कुणालाच वाचता येत नाहीत. जानेवारीपासून मी मोडी शिकते आहे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो, त्यामुळे 'दिन' कुठला आणि 'दीन' कुठला हे संदर्भावरून ओळखायचं. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण पणजोबांचं घाईतलं हस्ताक्षर युनिकोडला विचारून थोडंच लिहिलेलं आहे! चार महिने नुसते वेटोळे बघितल्यावर मे महिन्यात एक शब्द आपोआप वाचला गेला: गूळ. पुढे 'शेर' आणि त्याआधी '२'. दोन शेर गूळ. वहीत तेवढंच लिहिलं आहे.

या गुळाचा फायदा लेकीला झाला. ती सहा वर्षांची आहे. शाळेत हिंदी वर्णमाला, आणि त्यात 'ळ' नाही. त्यामुळे आमच्याकडे कमळाचं कमल, खेळायचंचं खेलायचं. "आजी, मला केला हवा," म्हटलं की आजोबा विचारतात, "काय केला?" ती चिडते. पण पणजोबांच्या चोपडीतला 'ळ' बघायला तिला मजा वाटली, कारण ती तिच्या मते गुप्त लिपी आहे. आता पाटीवर आजोबांच्या शेजारी ती 'ळ' गिरवते. बोलण्यात अजून दहातले तीनच येतात. परवाची नोंद: "केळं म्हटलं. अडलं: केळी." टीव्ही, शाळा, शेजार सगळं हिंदीत असताना दहातले तीन कमी नाहीत.

आता मूळ मुद्दा. कुठलं पाऊल मोजायचं, हे कोण ठरवणार? अमाबिलेंच्या पुस्तकात याबद्दल एक अट आहे: ते काम त्या माणसाला अर्थपूर्ण वाटलं पाहिजे. मे महिन्यात बाबांचा एक चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. नियमानं बरोबरच होतं. ज्या माणसानं एकतीस वर्षं काउंटरमागे बसून दुसऱ्यांच्या सह्या जुळवल्या, त्याचा चेक सहीवरून परत आला. साक्षीदारांसमोर अंगठा लावायची सोय आहे. बाबा म्हणाले, "ती सोय मी लोकांना सांगत आलोय. मला माहिती आहे." मी इंजिनिअर, म्हणून नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याची वाट आधीच काढून ठेवली. २०२१ पासून तो मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. हाताची गरजच नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पेन्शनचं काम झालं," ते म्हणाले. "सहीचं राहिलं."

त्या दिवसापासून वहीत बाबांच्या ओळीत पेन्शन कधी आली नाही, सही आली. जुनी सही परत येणार नाही हे त्यांनीच आधी मान्य केलं. त्यांनी नवी बेतली: आद्याक्षरं, आडनावाचा पहिला भाग आणि खाली एक रेघ. बँकेत नव्या सहीचा नमुना देता येतो, पण पुढे दर वेळी ती तशीच आली पाहिजे. म्हणून रोज रात्री बाबा एका कागदावर दहा सह्या करतात, चष्मा पुसतात आणि मग काउंटरच्या पलीकडे जाऊन बसल्यासारखे एकेक तपासतात. "ही चालेल. ही नापास. हिची रेघ कापते आहे, परत पाठवा." लेक तांबड्या पेन्सिलीनं फुल्या मारते. नातीचा वशिलाही चालत नाही.

या आठवड्यात दहातल्या सहा पास झाल्या. मागच्या आठवड्यात सात झाल्या होत्या. म्हणजे एक पाऊल मागे, तेही वहीत लिहिलं आहे. सलग तीन दिवस दहाच्या दहा आल्या की बँकेत जायचं, असं बाबांनी ठरवलंय. आम्ही कुणी तारीख विचारत नाही.

तुम्हीही एक वही करून बघा. फक्त दोन पथ्यं पाळा: नोंद त्याच दिवशी करायची, आणि दुसऱ्याच्या ओळीत आपल्या मनातलं यश घालायचं नाही. घरात जो 'काही अडलं नाही' असं रोज म्हणतो, त्याची ओळ मात्र जरा थांबून वाचा.