प्रिन्स स्ट्रीटवरचे दुकान

१९७३ साली न्यूयॉर्कमधील जॉर्जिओ डीलूका या इतिहासाच्या शिक्षकांनी शाळेची नोकरी सोडून प्रिन्स स्ट्रीटवर चीजचे एक छोटेसे दुकान उघडले. चार वर्षांनी, १९७७ च्या सप्टेंबरात, त्यांनी जोएल डीन या मित्राशी भागीदारी करून त्याच रस्त्यावर मोठे दुकान थाटले. डीन तोवर एका प्रकाशनसंस्थेत व्यवस्थापनाचे काम पाहत असत. दोघांची आडनावे जोडून ‘डीन अँड डीलूका’ अशी पाटी लागली. उंची किराणा म्हटला की पुढे चाळीस वर्षे अमेरिकेत हेच नाव प्रथम आठवत असे. आज न्यूयॉर्कमध्ये ही पाटी कोठेही नाही. ती कशी लागली आणि कशी उतरली, याची हकीकत व्यापारी कुटुंबांनी वाचावी अशी आहे. विशेषतः ज्यांच्या घरातील मुले-मुली सध्या अशाच दुकानाची जागा शोधत आहेत त्यांनी.

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या दुकानातील पुष्कळसा माल जैन घराच्या उंबरठ्याच्या आत येऊ शकणार नाही. मांस तर सोडाच, परंतु युरोपातील परंपरागत चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाते आणि आंबवून केलेला शिरकाही अभक्ष्यात मोडतो. तेव्हा येथे विचार करायचा तो फळीवरील मालाचा नव्हे. त्या फळीमागच्या व्यवहाराचा.

दुकान निघाले ती वस्ती त्या काळी व्यापाऱ्याने नाक मुरडावे अशीच होती. मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात, ज्याला तेथील लोक डाउनटाउन म्हणतात, हाऊस्टन स्ट्रीटच्या खालच्या अंगाला एकोणिसाव्या शतकातील ओतीव लोखंडी दर्शनी भागांच्या इमारतींची रांगच्या रांग आहे. एके काळी त्यांत कापडाच्या वखारी आणि कारखाने होते. दुसऱ्या महायुद्धानंतर धंदे ओसरले, इमारती ओस पडल्या, आगी लागू लागल्या. अग्निशामक दलाच्या जवानांनी त्या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ असे नाव दिले होते. मधोमध द्रुतगती मार्ग काढून ही सारी वस्ती पाडण्याचा बेत १९६९ मध्ये रद्द झाला. तोवर रिकाम्या वखारींत चित्रकार आणि शिल्पकार येऊन राहू लागले होते. १९७१ मध्ये महापालिकेने त्यांच्या निवासाला कायदेशीर मान्यता दिली आणि १९७३ मध्ये ही वस्ती ऐतिहासिक म्हणून संरक्षित झाली. ‘सोहो’ हे तिचे नावही याच काळात रुळले. जागा पाहून दुकान काढावे असे वडीलधारे सांगतात. डीन आणि डीलूका यांनी जागेपेक्षा तेथे राहायला येणारे लोक पाहिले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. हे लोक श्रीमंत नव्हते. परंतु वस्तू निरखून पाहण्याची त्यांना सवय होती.

दुकानाची मांडणी जॅक सेग्लिक या चित्रकाराने केली. पांढऱ्या फरशा, संगमरवरी गल्ले आणि उपाहारगृहांच्या कोठीघरात असतात तशा पोलादी उघड्या मांडण्या. मसाले छोट्या गोल डब्यांत भरलेले. सजावट अशी काही नाही. वस्तू हीच सजावट. ऑलिव्हचे उत्तम तेल, उन्हात वाळविलेले टोमॅटो, बाल्सॅमिक शिरका या आज सर्वत्र दिसणाऱ्या वस्तू अमेरिकन स्वयंपाकघरात रुजविण्याचे श्रेय ज्या मोजक्या दुकानांना दिले जाते त्यांत या दुकानाचा समावेश होतो. इटलीतील मोदेना परिसरातील परंपरागत बाल्सॅमिक द्राक्षांचा रस आटवून, लाकडी पिंपांत किमान १२ वर्षे मुरवून करतात. त्याच नावाशी साधर्म्य सांगून साध्या शिरक्यात द्राक्षरस आणि रंग मिसळून केलेला स्वस्त प्रकारही बाजारात असतो. हा फरक स्वतः जाणणे आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगणे, हीच विशेष किराण्याच्या दुकानाची खरी विद्या होय. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये जो ‘प्रतिरूपकव्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे अस्सलाच्या जागी तत्सदृश हलकी वस्तू देणे, त्याच्या नेमकी उलट अशी ही विद्या आहे. गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजते ते याच खात्रीसाठी.

ही खात्री येते कोठून? दुकानदार काही पाव भाजत नाही, मुरंबा घालत नाही. त्या फळीच्या मागे लहान लहान कारागीर असतात: पहाटे तीनला भट्टी पेटविणारा पाववाला, वर्षातून चारशे बरण्या भरणारी मुरंबेवाली, पन्नास शेळ्यांच्या दुधावर संसार चालविणारा चीजवाला. साखर, तूरडाळ अथवा तांदूळ एका आडत्याने दिला नाही तर दुसरा देतो. विशेष मालाचे तसे नसते. तो करणारा एकच असतो आणि त्याला विकायला अशी फळीही एखादीच असते. डीन अँड डीलूकाच्या मांडणीवर माल लागणे हे अशा कारागिरांना प्रशस्तिपत्रच वाटे. अर्थात ते पैशासाठी फारशी घाई करीत नसत. नेमके येथेच दुकानाचे बळ होते आणि येथेच त्याच्या पुढील अनर्थाचे बीज होते.

कारण पाव आज विकला जातो आणि पाववाल्याचे पैसे ३० दिवसांनी द्यायचे असतात. रोज हजाराचा पाव येत असेल तर कोणत्याही दिवशी पाववाल्याचे ३० हजार दुकानाकडे असतात. मुदत ९० दिवसांवर गेली तर ९० हजार. इकडे पिठाचा व्यापारी पाववाल्याकडे आठवड्याला पैसे मागतो. व्यापारी घरातील मुलाला हे गणित शिकवावे लागत नाही; तरीही ते विसरले जाते, कारण गल्ल्यातील रोकड बोलत नाही. ती कोणाची आहे हे तिच्यावर लिहिलेले नसते.

१९८८ मध्ये दुकान ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर सुमारे दहा हजार चौरस फुटांच्या जागेत गेले आणि पाहण्यासाठी परदेशी प्रवासी येऊ लागले. नव्वदच्या दशकाच्या मध्यास कॅन्ससमधील लेस्ली रड या उद्योजकाने बहुतांश मालकी घेतली. वॉशिंग्टन, शार्लट, नापा खोरे अशा ठिकाणी शाखा निघाल्या. जपानमध्ये परवान्यावर उपाहारगृहे सुरू झाली. जोएल डीन २००४ मध्ये निवर्तले. २०१४ मध्ये बँकॉकच्या पेस डेव्हलपमेंट या कंपनीने सारा व्यवसाय १४ कोटी डॉलरला विकत घेतला. ही कंपनी मूळची बांधकाम व्यवसायातील. बँकॉकची महानखोन ही गगनचुंबी इमारत तिनेच उभारली. इमारत बांधणारा मोठे कर्ज काढतो, वर्षानुवर्षे वाट पाहतो आणि एकदाच विकतो. किराणावाला रोज विकतो आणि रोज देणे लागतो. या दोन वृत्ती एका पेढीवर सहसा नांदत नाहीत. पुढे कर्जाचा भार वाढला आणि त्या इमारतीतील मोठा हिस्साही कंपनीला विकावा लागला.

२०१९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून बातम्या येऊ लागल्या: पुरवठादारांची बिले महिनोन्‌महिने थकली आहेत, अनेकांनी माल देणे बंद केले आहे, मांडण्या रिकाम्या दिसू लागल्या आहेत. विशेष किराण्याच्या दुकानात रिकामी मांडणी झाकता येत नाही. साध्या दुकानात एका कंपनीचा साबण नसला तर दुसऱ्याचा ठेवतात. येथे त्या पाववाल्याच्या पावासाठीच गिऱ्हाईक आलेले असते. ऑक्टोबरमध्ये सोहोचे दुकान बंद झाले आणि २०२० च्या मार्चअखेर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. गिऱ्हाइके आटली म्हणून हे दुकान बुडाले असे म्हणणे पुरेसे नाही. मागच्या दाराने माल आणणारे थांबले, तेव्हाच पुढचे दार मिटल्यासारखे झाले होते.

येथे एका जुन्या शब्दाची आठवण होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत एक आहे ‘न्यासापहार’. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. सर्वार्थसिद्धीत आचार्य पूज्यपादांनी त्याचा जो अर्थ उलगडला आहे तो मोठा मार्मिक आहे. ठेव ठेवणारा संख्या विसरला आणि कमीच मागू लागला, तर ‘हो, एवढेच होते’ असे म्हणून तेवढेच देणे, हा न्यासापहार. येथे कोणी तिजोरी फोडलेली नाही, मागितले तेवढे दिलेही आहे. म्हणूनच बहुधा हा दोष अचौर्याच्या यादीत न घालता सत्याच्या यादीत घातला असावा. तो हाताने घडत नाही, मुखाने घडतो. थकलेल्या बिलांपायी हैराण झालेला लहान पुरवठादार शेवटी म्हणतो, ‘अर्धे द्या आणि खाते मिटवा.’ त्यावर पेढी ‘बरे’ म्हणते. हिशेबाच्या वहीत ती सूट म्हणून लिहिली जाते, आणि पुष्कळदा फायदा म्हणूनही.

उधारीवर घेतलेला माल काटेकोर अर्थाने न्यास नव्हे, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो चुकीचा नाही. माल घेतला की तो दुकानदाराचा झाला, उरते ते केवळ ऋण. परंतु खुद्द अमेरिकन कायद्यालाच एका बाबतीत हा भेद पुसावा लागला आहे. नाशवंत शेतमालाच्या व्यापारासंबंधी तेथे १९३० चा कायदा आहे. १९८४ मध्ये त्यात दुरुस्ती करून असे ठरविण्यात आले की, ताजी फळे आणि भाजीपाला घेणाऱ्याने विक्रेत्याचे पैसे चुकते करीपर्यंत तो माल व त्याच्या विक्रीतून आलेली रक्कम विक्रेत्यासाठी न्यास म्हणून धारण केली आहे असे मानावे. दुकान बुडाले तरी ही रक्कम बँकांच्या कर्जाआधी भाजीवाल्याची. कारण उघड आहे. यंत्र परत उचलून नेता येते. खाल्लेला मटार परत मागता येत नाही. मात्र हे संरक्षण पावाला नाही, मुरंब्याला नाही, चीजलाही नाही. दिवाळखोरीच्या अर्जापूर्वीच्या २० दिवसांत पोचविलेल्या मालाला अग्रक्रम मिळतो. त्याआधीचे देणे असलेला पाववाला रांगेच्या शेवटी उभा राहतो.

आपल्याकडेही कायद्याने याच दुखण्यावर बोट ठेवले आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले. सतरा वर्षे ते बहुतेकांनी कागदावरच ठेवले. मग २०२३ मध्ये आयकर कायद्याच्या ४३बी कलमात भर घालण्यात आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. २०२४ च्या मार्चअखेरीस व्यापारी वर्तुळात यावरून केवढी कुरकुर झाली हे अनेकांना आठवत असेल. तीत तथ्य मुळीच नव्हते असे नाही. ज्याचे स्वतःचे येणे चार चार महिने अडकते त्याने देणे ४५ दिवसांत कसे द्यावे, हा प्रश्न खराच आहे. परंतु अणुव्रताने जे सुचविले आणि २००६ च्या कायद्याने जे सांगितले, ते ऐकायला कराची भीती का लागावी, याचे उत्तर त्या कुरकुरीत सापडत नाही.

पुण्या-मुंबईच्या जुन्या किराणा पेढ्यांतील पुढची पिढी आता भरडधान्ये, घाण्याचे तेल, कंदमूळरहित मसाले आणि सुका मेवा यांची देखणी दुकाने काढू लागली आहे. पांढऱ्या भिंती, उघड्या मांडण्या, मंद दिवे. प्रिन्स स्ट्रीटची छाया त्यांवर पडलेली दिसते. हे स्वागतार्हच आहे. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या कुटुंबाला पाकिटावरचे बारीक अक्षर भिंग लावून वाचावे लागू नये, ही सोय लहान नाही. या मांडण्यांवर घरगुती खाखऱ्याची पाकिटेही असतात. ती एखाद्या श्राविकेने मदतीला दोघी-तिघींना घेऊन घरच्या तव्यावर शेकलेली असतात. हा माल बहुधा ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर घेतला जातो, म्हणजे विकला जाईपर्यंत तो तिचाच असतो आणि दुकानात केवळ ठेवलेला असतो. येथे न्यास हा शब्द कोणत्याही आक्षेपावाचून लागू पडतो. महिन्याच्या शेवटी ती येते आणि विचारते, ‘किती गेली?’ पाकिटे किती गेली, किती उरली, किती मोडली म्हणून बाजूला काढली, हे तिला दुकानदार सांगेल तेव्हाच कळते. वही तिच्यापाशी नसते.