नक्षीसाठी संगणक : किती मोठा, किती महाग?

सोलापुरी चादर आणि टॉवेल यांची ओळख त्यांच्या नक्षीत आहे. ग्राफपेपरवर एकेक घर रंगवून नक्षी काढावयाची आणि पंचकार्डांना छिद्रे पाडून ती जॅकार्डवर चढवावयाची, ही रीत आता मागे पडत चालली आहे. तिची जागा संगणक घेत आहे. म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या कारखानदाराचा मुलगा किंवा सून डिझाइनचे काम पाहू लागली, की प्रश्न उभा राहतो : संगणक कोणता घ्यावा? बाजारात महागड्या ग्राफिक कार्डाचा, खेळांसाठी बनविलेला संगणक चटकन डोळ्यांत भरतो. व्यवहारी माणसाने मात्र आधी कामाचा हिशेब मांडावा.

जॅकार्डची नक्षी म्हणजे ताण्या-बाण्याच्या घरांचा पट. २,६८८ हुकांवर ४,००० बाण्यांची नक्षी घेतली, तर घरे होतात सुमारे १ कोटी ७ लाख. रंग मोजकेच असल्याने प्रत्येक घरास एक बाइट पुरतो. म्हणजे सारी फाइल ११ एमबीच्या आत. साध्या संगणकासही हा भार जड नाही. जड असते ते कॅटलॉगच्या छायाचित्रांचे आणि पॅकिंगवरील छपाईचे काम. त्यासाठी प्रथम मेमरी हवी. व्हिडिओ किंवा त्रिमिती चित्रे नियमित करावयाची असतील, तरच स्वतंत्र ग्राफिक कार्डाचा विचार करावा.

तेव्हा सहा कोअरचा, अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर पुरेसा होय. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असेल, तर त्यात ग्राफिक्स नसते, हे ध्यानात असावे. मेमरी १६ जीबी, आणि ती पुढे वाढविण्यास मदरबोर्डवर जागा मोकळी असावी. मुख्य साठवणीस ५०० जीबीची एसएसडी घ्यावी. डिझाइनचे सॉफ्टवेअर कोणत्या विंडोजवर चालते, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

वाचलेला पैसा पडद्यावर खर्चावा. २४ इंची आयपीएस पडदा, एसआरजीबीचे रंग जवळजवळ पूर्ण दाखविणारा, एवढी अपेक्षा रास्त आहे. तरीही रंगाचा अखेरचा निर्णय पडद्यावर नव्हे, तर रंगविलेल्या सुताच्या शेडकार्डावरच करावा. पडदा प्रकाशाने रंग दाखवितो आणि सूत प्रकाश परतवून.

कारखान्यात दुसरा शत्रू म्हणजे कापसाचे सूक्ष्म तंतू. ते पंख्यांत अडकले की यंत्र तापते. संगणक मागांपासून दूर, बंद खोलीत ठेवावा. कॅबिनेटला जाळी असावी आणि ती वेळोवेळी साफ करावी. वीज क्षणभर गेली तरी चालू काम वाया जाऊ नये, म्हणून यूपीएस आवश्यकच.

खरेदीचे बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे. नियमित नोंदणी असलेल्या पेढीस व्यवसायासाठी घेतलेल्या संगणकावरील कराचे क्रेडिट मिळते. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा धरता येतो. मात्र ज्या कराचे क्रेडिट घेतले, त्या रकमेवर घसारा मिळत नाही.

बजेट कितीही तंग असो, एका गोष्टीत काटकसर करू नये. नक्षींच्या दोन प्रती वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि त्यांतील एक कारखान्याबाहेर, घरी असावी. संगणक बिघडला तर दुसरा आणता येतो. परंतु जुन्या ग्राहकाने दहा वर्षांपूर्वीचीच नक्षी पुन्हा मागितली आणि ती सापडली नाही, तर ती ऑर्डर दुसऱ्याच्या मागावर जाते.