वाटप पुरे, आता मोजमाप करा!



सुगी सरली की तालुक्याच्या गावी अपंगांसाठी साहित्य वाटपाची शिबिरे लागतात. मंडप पडतो, हारतुरे होतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात. सकाळपासून ताटकळलेल्या अपंगांची नावे पुकारून कुणाला व्हीलचेअर, कुणाला कुबड्या, कुणाला कानाचे यंत्र दिले जाते. फोटो निघतो, संध्याकाळी मंडप उठतो. त्या वस्तूचे पुढे काय झाले हे विचारायला मात्र कुणी फिरकत नाही.

अशा एका शिबिरानंतर चार महिन्यांनी आम्ही काही घरी गेलो. विहिरीत पडून कमरेखाली लुळा झालेला एक गडी. त्याला मिळालेली खुर्ची त्याच्या अंगापेक्षा रुंद, आणि बसायला नुसते कापड. ज्याला कमरेखाली काही जाणवत नाही, त्याने थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलायचे असते, नाहीतर बैठकीवर जखम होते. हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. जखम झाली, चिघळली. आम्ही गेलो तेव्हा खुर्ची गोठ्यात होती आणि माणूस खाटेवर पालथा.

दुसऱ्या घरी ट्रॅक्टरखाली पाय गेलेला तरुण. कृत्रिम पाय खुंटीला टांगलेला. ‘मला मानवला नाही,’ म्हणाला. पाय कापल्यावर पहिले काही महिने उरलेला भाग बारीक होत जातो. मग सॉकेट सैल पडते, घासते, कातडी सोलते. ते पुन्हा बसवून घ्यावे लागते. पण बसवून घ्यायचे कुणाकडे? शिबिर तर उठून गेले. दोष ना त्या पोराचा होता, ना पायाचा. पाय देऊन मोकळे झालेल्यांचा होता.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो. माती तपासल्याशिवाय खताची मात्रा सांगू नये, हा पहिला धडा. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापावा लागतो, तो १९६६ च्या बियाणे कायद्याने. बी उगवले नाही तर आपण पंचनामा मागतो, दुकानदाराला जाब विचारतो. मग माणसाच्या अंगाला लावायच्या वस्तूला ना तपासणी, ना जबाबदार माणूस, हे आपण कसे चालवून घेतो? फुकट मिळते म्हणून? भावांनो, ते फुकट नाही. केंद्राची साहित्य वाटपाची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि तिच्यात काडेपेटीपासून डिझेलपर्यंत कर भरणाऱ्या आपलाच पैसा आहे. आपल्याच पैशाची वस्तू उपकार म्हणून घ्यायची, आणि उपकाराला दर्जा विचारायचा नाही, अशी ही रीत आहे.

काम कसे करावे हे कुणाला ठाऊक नाही असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. माणसाची नोंद, त्याची तपासणी, योग्य खुर्चीची निवड, पैशाची सोय, खुर्चीची जुळणी, अंगाला बसते का ते पाहणे, वापराचे शिक्षण, आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती. आपल्या शिबिरात यातले काय होते? नोंद होते आणि वाटप होते. मधल्या पायऱ्या गाळून माडीवर चढायला निघाले, तर पडणार तो अपंगच.

आणि हे फक्त खुर्चीचे नाही. कुबडीचा भार तळहातावर हवा. ती काखेत रुतली तर हाताच्या शिरा दुखावतात आणि पायाबरोबर हातही जातो. कानाचे यंत्र श्रवण तपासून त्याप्रमाणे लावायचे असते. अंदाजाने आवाज चढवला तर म्हातारा ते दोन दिवसांत पेटीत ठेवतो.

कुणी म्हणेल, खेड्यात एवढे शिकलेले लोक आणायचे कुठून? प्रश्न रास्त आहे. पण जयपूर फूट आठवा. १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर तो घडवला रामचंद्र शर्मा या कारागिराने. अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे, चिखलात उतरता यावे, असा पाय त्यांनी केला. वापरणाऱ्याचे जगणे हेच त्यांनी माप धरले. दर्जा म्हणजे नुसती पदवी नव्हे. पण दर्जा म्हणजे मन मानेल तसे कामही नव्हे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने कृत्रिम अवयव बसवणारे, श्रवणतज्ज्ञ, कानाच्या यंत्राचे तंत्रज्ञ यांची नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणीकृत तज्ज्ञाने मोजमाप आणि निवड करावी, आणि गावच्या सायकलवाल्याला, वेल्डरला, आशाताईला शिकवून देखभाल त्यांच्या हाती द्यावी. पंपाची मोटर जळली तर वायंडिंगवाला तालुक्यात सापडतो. खुर्चीचे चाक निखळले तर माणूस का सापडू नये?

सरकारने ‘अपंग’ शब्द बदलून ‘दिव्यांग’ केला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. चांगले झाले. पण नाव बदलल्याने पंक्चर निघत नाही, आणि यादीत नाव आल्याने जखम भरत नाही.

म्हणून या बैठकीत चार मागण्यांचा ठराव करावा, असे आम्हाला वाटते.

१) नोंदणीकृत तज्ज्ञाने मोजमाप केल्याशिवाय कोणतेही साधन देऊ नये. मोजणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक कार्डावर लिहून ते कार्ड अपंगाच्या हाती द्यावे.

२) वाटपानंतर एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी, तीही गावाजवळ.

३) प्रत्येक तालुक्याला सुट्या भागांसह दुरुस्तीची एक जागा असावी.

४) किती वाटले याबरोबरच सहा महिन्यांनी त्यातले किती वापरात आहेत, हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा.

सरकारकडे मागायचे ते मागू. पण आपल्या हातचे एक काम आजच आहे. बैठकीहून परतल्यावर आपल्या गावात कुणाच्या गोठ्यात खुर्ची पडली आहे, कुणाच्या खुंटीला पाय टांगला आहे, याची यादी करा. का पडली, का टांगला, ते त्याच माणसाला विचारून लिहा. पुढच्या बैठकीला ती यादी घेऊन या. पुढारी वाटलेल्या साहित्याचे आकडे सांगतील, तेव्हा आपण ही यादी त्यांच्यापुढे ठेवू.