खिशातलं पाणी

परवा मेलबर्नहून भाच्याने एक गाणं पाठवलं. सोबत एकच वाक्य : "मामा, ऐक, ही आपली आईच आहे!"

गाणं होतं जो डोल्चेचं 'शडाप यू फेस', १९८० सालचं. डोल्चे अमेरिकेत जन्मलेला, इटालियन घरातला, पुढे मेलबर्नला स्थायिक झाला. गाण्यात एक इटालियन पोरगा मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपल्या आईच्या शिव्या ऐकवतो. आजी-आजोबांच्या तोंडची बोली त्याने तशीच उचलली होती. ऑस्ट्रेलियात ते आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. १९८१ मध्ये इंग्लंडातही ते पहिलं आलं आणि 'विएन्ना' नावाचं भलतंच गंभीर गाणं त्याच्यापायी दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. तिकडच्या जाणकारांना त्याचा राग अजून आहे म्हणे.

मी हसलो, दोनदा ऐकलं. आणि मग दिवसभर डोक्यात वाजत राहिली ती आपली 'माझी मैना गावावर राहिली'!

आता तुम्ही म्हणाल, कुठे ते उडतं गाणं आणि कुठे अण्णा भाऊ साठ्यांची छक्कड. पण जरा थांबा. माझं म्हणणं असं, की 'मैना' हे मुळात विनोदी गाणं आहे आणि आपण ते विसरलोय.

आपण तिचे दोन तुकडे केलेत. वरातीत, गणपतीत वाजतो तो पहिला : मैनेचं रूप, तिची चाल, शिट्ट्या. १ मेच्या कार्यक्रमात वाजतो तो शेवटचा : घसा ताणून, मुठी आवळून. मधलं गाणं, म्हणजे पोटासाठी मुंबईला निघालेल्या माणसाचं गाणं, ते कुणाच्याच वाट्याला येत नाही. आणि खरा विनोद तिथेच आहे.

पहाटेची वेळ. भाकरी बांधून झाली आहे. मैना वेशीपर्यंत पोचवायला आली आहे आणि तिचं तोंड उतरलंय. हा गडी तिला हसवायला बघतो. पत्रं पाठवीन म्हणतो, दागिन्यांनी मढवीन म्हणतो, आणि मग यादी सुरू होते. तोडे काय, वज्रटीक काय, पुतळ्यांची माळ काय, नथ काय... त्या यादीत आमचा कोल्हापुरी साजसुद्धा आहे! साज म्हणजे एकवीस पानड्यांचा दागिना. गुजरीत जाऊन नुसता भाव विचारून या, मग कळेल या गड्याने काय कबूल केलंय ते. आणि खिशात? मुंबईच्या भाड्यापुरते असतील तर देव पावला.

शाहीर ही यादी ठसक्यात म्हणतो आणि ऐकणारे हसतात. मैना मात्र हसत नाही. सगळा खटाटोप जिच्यासाठी, तिच्यावर विनोदाचा काडीचा परिणाम होत नाही. हा गडी मग मन घट्ट करून मुंबईची वाट धरतो.

माझे आजोबा असेच परळच्या एका मिलमध्ये होते. जेवायला खानावळ, झोपायला गाळ्यात पाळीपाळीने जागा, गावी मनीऑर्डर आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला येणं. आजीला मी लहानपणी हे गाणं रेडिओवर ऐकताना पाहिलंय. दागिन्यांची यादी आली की ती तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं लाजते. एकदा विचारलं, तर म्हणाली, "ज्येच्या खिशात काय नसतंय, त्योच येवढी यादी करतोय बग."

तिला तो विनोद बरोबर कळला होता. आजोबांनी साज आणला का, हे मी विचारलं नाही.

पुढे मुंबई येते. बेकारांच्या गर्दीत हाही एक. हडसन गाडी, तलम साड्या, माडीवर माड्या; जे जे दिसतं ते तो यादीतच सांगतो. आधी द्यायच्या वस्तूंची यादी, आता नुसत्या बघायच्या वस्तूंची! मग पाऊस. बाकी सगळं असावं आणि एका छत्रीचीच काय ती वाण असावी, अशा थाटात तो सांगतो, की आपले खिसे भरले, पण पाण्याने. आईशपथ, असा विनोद मला दुसऱ्या कुठल्या गाण्यात सापडलेला नाही. आणि तो लिहिणारा माणूस वाटेगावाहून लहानपणी घरच्यांबरोबर चालत मुंबईला आलेला, मिलमध्ये खपलेला. पाणी त्याच्या स्वतःच्या खिशातलं होतं.

म्हणून शेवट एवढा लागतो. मैनेची नि आपली ताटातूट, तशीच महाराष्ट्राची नि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची ताटातूट, असं तो म्हणतो तेव्हा ते भाषण वाटत नाही. आधी तुम्ही त्याच्या खिशावर हसलेले असता, त्यामुळे तो आता घरचा माणूस झालेला असतो. (आम्हा कोल्हापूरकरांना निपाणी दिसते ती तासाभराच्या वाटेवर. १९६० ला राज्य झालं आणि ती पलीकडेच राहिली. तेव्हा आम्हाला जरा जास्तच लागतं, हे कबूल.) नुसती मूठ आवळून गायलात तर हे सगळं फुकट. गायचं तर पूर्ण गा, खिशासकट.

डोल्चेच्या गाण्यात आई निदान बोलते, पोराला गप्प बसवते. मैना सगळ्या गाण्यात एक शब्द बोलत नाही.

भाचा तिकडे सात वर्षं आहे. त्याच्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ची ऑफिसात नक्कल करतात, तोही त्यांच्याबरोबर हसतो, असं तोच सांगतो. रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी ताईकडेच होतो. त्याने साहेबाची नक्कल केली, मग साहेब करतो ती स्वतःची नक्कल करून दाखवली. पोरगं भारी करतं! मी, भावजी, शेजारचे काका, सगळे लोळलो. पुढच्या दिवाळीला नक्की येतो, तुला युरोप दाखवतो, मोठी गाडी घेतो, असंही बरंच काय काय बोलला.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलास का?"