विश्लेषण : संधिवाताच्या रुग्णांसाठी गावातील परिचारिकांना काय शिकवायला हवे?

ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस या संधिवातात वर्षानुवर्षे औषधे आणि रक्ततपासण्या कराव्या लागतात. आंदर, नाणे किंवा पवन मावळातील रुग्णाला तज्ज्ञासाठी बहुधा पुणे गाठावे लागते. त्या दिवसाची मजुरीही बुडते. उपकेंद्रातील परिचारिकेला योग्य प्रशिक्षण मिळाल्यास यातल्या अनेक फेऱ्या वाचू शकतात.

हा आजार किती जणांना?
पुणे जिल्ह्यातीलच भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली घरोघरी पाहणी झाली. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दोनशेत एक, आढळले. महिलांना हा आजार अधिक होतो.

घाई कशासाठी?
यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. उपचार लांबले तर बोटे कायमची वाकडी होतात. भातलावणी करणाऱ्या बाईसाठी हा थेट पोटाचा प्रश्न आहे.

सध्याच्या प्रशिक्षणात काय आहे?
आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी परिचारिकांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. तिथल्या नियमित तपासणीचा भर रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा दोन वर्षांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आहे. संधिवातासाठी तसा अभ्यासक्रम नाही.

काय शिकवावे लागेल?
- ओळख : सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ सांधे आखडणे, हातापायांच्या लहान सांध्यांना सूज. चिकुनगुनियानंतरही अशीच सांधेदुखी राहते. दोन्हींतला फरक तपासण्यासाठी रुग्णाला वेळेत पुढे पाठवणे.
- औषध : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. रक्तपेशी व यकृताच्या तपासण्यांचा पाठपुरावा हवा. गरोदरपणात हे औषध चालत नाही, हे तरुण महिलांना आधीच सांगायला हवे.
- समुपदेशन : बरे वाटताच गोळ्या बंद न करणे, सांध्यांचे व्यायाम, तंबाखू सोडणे.

इतरत्र काय होते?
ब्रिटनमध्ये संधिवात विभागातील विशेष परिचारिका रुग्णांचा नियमित पाठपुरावा करतात. युरोपातील संधिवात तज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने २०१२ मध्ये परिचारिकांच्या भूमिकेविषयी शिफारशी केल्या. सततचे प्रशिक्षण हा त्यातील एक मुद्दा.

मग मावळात काय शक्य?
नवे पद निर्माण करण्याची गरज नाही. निदान आणि औषधयोजना डॉक्टरांकडेच राहील. तालुका पातळीवर छोटे प्रशिक्षण, प्रत्येक रुग्णाची नोंदवही आणि अडचण आल्यास ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरांचा सल्ला, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.